तिघींची नावं सांगा

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजनं मला एका बैठकीला बोलावलं. निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली, मी पैठणला राहते, आणि कॉलेजातून फोन आला की बहुतेक कुणीतरी गेल्याची बातमी असते. म्हणून आधी घाबरलेच. पण पलीकडचे क्लार्क म्हणाले, "मॅडम, समिती केली आहे. आपल्या कॉलेजच्या सामन्यांना विद्यार्थी का येत नाहीत, असा विषय आहे." मी तिथं एकतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि ग्रंथालयाची खिडकी मैदानावर उघडत होती, एवढीच माझी पात्रता.

बैठक एसी सभागृहात होती. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी पडद्यावर रंगीत चौकटी दाखवल्या. त्यांचं म्हणणं असं की संघाला एक प्राणी हवा, वाघ म्हणा, बिबट्या म्हणा, आणि त्याचा पोशाख घालून कुणीतरी मैदानात नाचायला हवं. रील हवेत, टी-शर्ट हवेत, सेल्फी काढायला चौकट हवी. प्राचार्य माना डोलवत होते. एका प्राध्यापकांनी सुचवलं की बिबट्यापेक्षा मोर बरा. मग अर्धा तास बिबट्या आणि मोर यांच्यात गेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आपल्या मुलींच्या खो-खो संघातल्या तिघींची नावं सांगा. कुणीही सांगा. फक्त तीन."

कुणाला आली नाहीत. क्रीडा विभागातल्या नव्या माणसाला एक आलं, तेही नुसतं आडनाव. प्राचार्य हसून म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, मॅडम." मी सांगितली, गावांसकट. साक्षी, सोयगावची. नाझनीन, पैठणची. प्रतीक्षा, कन्नडची.  तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि मग चहा आला.

तो प्रश्न माझा नव्हता. दाभाडे सरांचा होता. ज्या माणसानं सारी नोकरी हा एकच प्रश्न विचारण्यात घालवली त्याला या बैठकीचं बोलावणं नव्हतं. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना तो कोण हेही ठाऊक नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. रागानं लिहिते आहे आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

निवृत्ती दाभाडे आमच्याकडे क्रीडा संचालक होते. सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. बुटके, काळेसावळे, पोटऱ्या दगडासारख्या. शर्टाच्या खिशात खडू असायचा, त्यामुळे सगळ्या शर्टांचे खिसे पांढरे पडलेले. पँटच्या खिशात खडे. हे खडे मैदानातले. सर मैदानात कायम अनवाणी चालायचे आणि पायाला खडा लागला की वाकून उचलायचे, खिशात टाकायचे. संध्याकाळी ते सगळे ग्रंथालयामागच्या लिंबाखाली रिकामे करायचे. तिथं एक छोटा ढीगच झाला होता. खो-खोत मुलगी खांबाजवळ सूर मारते, गुडघे-कोपरं जमिनीवर घासतात, एक खडा पुरे असतो. म्हणून दुसऱ्यांनाही ते चपला काढायला लावूनच मैदानात घ्यायचे. एकदा शहरातल्या एका बड्या पाहुण्यांना त्यांनी बूट काढायला लावले होते. पाहुण्यांच्या मोज्याला भोक होतं, आणि सर त्याकडं बघत उभे राहिले होते.

बोलणं फटकळ. गोड बोलायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर त्या दिवशी ते वर्गात नसावेत. स्टाफरूममध्ये कुणी क्रिकेटवर बोलायला लागलं, अमुक संघ आपला, तमुक खेळाडू आपला, की हे दारातूनच विचारायचे, "आपल्या टीममधल्या तिघींची नावं सांगा." लोक हसायचे. हे हसायचे नाहीत. उत्तराची वाट बघत उभे राहायचे, आणि ती वाट बघणं फार वाईट असायचं. सर आले त्या पहिल्याच वर्षी मीही त्यात सापडले. मला एकही नाव आलं नाही. मी म्हणाले, "सर, मी तर खिडकीतून रोज बघते." ते म्हणाले, "बघता खरं. पर कुणाला बघता ते ठावं नाय. मंग ते बघनं कशाचं?"

दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्र विभागानं टाकून दिलेला एक फुटका फळा त्यांनी पाण्याच्या टाकीशेजारी टांगला. मला वाटलं सूचना लिहितील. त्यांनी लिहिलं:

रेश्मा, पैठण. काल अडीच मिनिटं कुनाला घावली नाय.
पल्लवी, सोयगाव. खांबावर दोघींना बाद केलं. उजवा गुडघा फुटला.
मीना, कन्नड. काल रडली. आज बघा.

एवढंच. पाणी प्यायला आलेली पोरं पेला तोंडाला लावून वाचायची. मीना का रडली हे जाणून घ्यायला संध्याकाळी चौघंजण मैदानाच्या कडेला येऊन बसले. मीना त्या दिवशी पळाली ती अशी की त्या चौघांतला एक उठून उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी सहा आले.

सर रोज फळा पुसायचे आणि नवा लिहायचे. संघ हरला तर तसंच लिहायचे. "पल्लवीनं चुकीच्या दिशेला तोंड केलं, दोन फाउल झाले, आज तिच्याशी कुनी बोलू नका." मग सगळं कॉलेज पल्लवीशी बोलायचं. आमच्या कँटीनचे हुसेनभाई चहाच्या पेल्यांवरून हिशेब लावायचे की रेश्मा आज किती वेळ टिकेल. शिकवण्या घेणाऱ्या तिघी-चौघी बाया, एसटीच्या पासासाठी थांबलेली बाहेरगावची पोरं, मागच्या वस्तीतल्या धुणं वाळत घालणाऱ्या बायका, सगळे हळूहळू कडेला येऊन बसायला लागले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. माझ्या खिडकीतली खुर्ची मी स्वतःच फिरवून मैदानाकडं केली.

वेळेच्या बाबतीत सर हट्टी होते. विद्यापीठ सामने सकाळी दहाला लावायचं, ऐन तासांच्या वेळी. सर अर्ज करायचे, जाऊन भांडायचे, आणि आमच्या मैदानावरचे सामने अडीचला आणायचे. कारण त्यांच्याकडे एसटीचं वेळापत्रक होतं. कन्नड, पैठण, सोयगाव, तिन्हीकडच्या गाड्या सकाळी किती वाजता बसस्थानकात येतात आणि संध्याकाळची परतीची शेवटची कधी सुटते, हे त्यांनी टेबलाच्या काचेखाली लावलं होतं. सामना अडीचला सुरू झाला तर चारला संपतो, आणि पोरींच्या घरचं माणूस पावणेपाचची गाडी धरून दिवस मावळायच्या आत घरी जातं. त्यांच्या सगळ्या खेळाचं गणित त्या गाडीवर होतं. एक प्राध्यापक कुत्सितपणे म्हणाले होते की दाभाडे खो-खो एसटी डेपोच्या सोयीनं खेळवतात. सर म्हणाले, "व्हय. तुमी कारनं येता, तुमाला सोय लागत नाय. आन् तरीबी तुमी येत नाय."

मीनाचे वडील दर सामन्याला यायचे. ते आठवडी बाजारांत बांगड्या-कंगवे-आरशांचं दुकान लावायचे. सामन्याच्या दिवशी बाजार सोडायचे. डोक्याला उपरणं, हातात शेंगांची पिशवी. माझ्या खिडकीखाली बसायचे आणि आधी वर बघून मला मूठभर शेंगा द्यायचे. मीना पळायला लागली की ते शेंगा फोडायचे थांबायचे. ती बाद झाली की परत फोडायला लागायचे. तोंडातून शब्द नाही. पण बाकीची सगळी कड त्यांच्याकडं बघून ओरडायची.

तीन वर्षांत दोनशे माणसं जमायला लागली. हे मी मोजून सांगत नाही, खिडकीतून अंदाजानं सांगते. हा आकडा आजच्या तज्ज्ञांना हसू येण्यासारखा असेल. पण ती दोनशे माणसं तीच असायची. मी एकदा सरांना म्हणाले, आता अजून वाढतील. ते म्हणाले, "वाढायची काय गरज? परेक्षक म्हंजी वऱ्हाड हाय का, आवतन धाडलं की आलं, जेवून गेलं? एकच मानूस रोज यायला पायजे. पोरगी पळताना तिच्या नावानं हाक यायला पायजे. तेवढी एक हाक आली ना मॅडम, तर ती पोरगी अर्धा मिनिट जास्त पळती. मी घड्याळ लावून बघितलंय."

माणसं जमली की संस्थेला वास लागतो. आमच्या संस्थेचे सचिव, त्यांना सगळे दादासाहेब म्हणायचे, तोवर कधी मैदानाकडं फिरकले नव्हते. ते एक दिवस आले. आठवड्याभरात फळ्याच्या जागी फ्लेक्स लागला. वर दादासाहेब, त्यांच्या शेजारी त्यांचे वडील, मग प्राचार्य, मग कुणीकुणी, आणि सगळ्यात खाली बारा मुली, प्रत्येकीचं डोकं तिकिटाएवढं. नावं नव्हतीच. शुभेच्छुकांची होती.

सरांनी कँटीनमधून कात्री आणली. फ्लेक्सचा खालचा पट्टा कापला, तेवढाच, आणि तो वर फळ्याच्या खिळ्यांना टांगला. प्रत्येकीच्या तोंडाखाली पेननं नाव आणि गाव लिहिलं. वरचा भाग घडी घालून प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याबद्दल त्यांना नोटीस मिळाली. दादासाहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्यासारख्या माणसाला आम्ही इथं घेतलं, त्याचं हे फळ." तुमच्यासारख्या म्हणजे कशासारख्या, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मीही त्यात होते. सर म्हणाले, "तुमी नाय घेतलं. मी परीक्षा देऊन आलो. तुमी तिघींची नावं सांगा." दादासाहेबांना ती आली नाहीत, आणि ही गोष्ट ते कधी विसरलेही नाहीत.

त्याच वर्षी आमच्या मुली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचल्या आणि तो सामना आमच्याच मैदानावर ठरला. सरांना मी इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. खुश म्हणजे काय, खडे वेचताना गुणगुणत होते. चार दिवस माती चाळली, पाणी मारलं, बसवली, परत मारलं. फळ्यावर (तो त्यांनी परत टांगला होता) लिहिलं: "शुक्रवारी अडीचला. रेश्मा कप्तान. घरच्यांना सांगा, पावनेपाचची गाडी घावंल."

बुधवारी दादासाहेबांनी सामना हातात घेतला. पाहुणे म्हणून एक मोठे नेते येणार होते आणि त्यांना सकाळी अकराचीच वेळ होती. मांडव आला. सोफे आले. भोंगे आले. मुलींना नवा पिवळा पोशाख आला, त्यावर दादासाहेबांच्या मेहुण्याच्या गाड्यांच्या शोरूमचं नाव. आमचा रंग मरून. कॉलेज निघालं तेव्हापासून मरून. आणि सगळ्यात शेवटी दोन मुली आल्या. कुठल्या कोण, महिन्याभरापूर्वी प्रवेश दाखवलेला, त्यांना कॉलेजात कुणी पाहिलं नव्हतं. कसलेल्या खेळाडू होत्या. त्यांचा दोष मी काढत नाही. बाराच्या यादीतून दोघींना वगळावं लागणार होतं, आणि त्यातली एक मीना होती.

यादीवर सरांची सही लागत होती. गुरुवारी दुपारी ते दादासाहेबांच्या केबिनमध्ये अर्धा तास होते. बाहेर आले तेव्हा ते सरळ ग्रंथालयात आले आणि खुर्चीवर बसले. ते कधी बसायचे नाहीत. म्हणाले, "सही नाय केली तर मैदान प्रदर्शनाला देतो म्हनला. वर्षभर. पोरींनी कुठं पळायचं?"

मी विचारलं, "मग?"

"केली," ते म्हणाले.

आता माझ्याबद्दल. शुक्रवारी सगळ्या कर्मचाऱ्यांना ड्यूटी लागली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हजेरी सक्तीची, त्यावर अंतर्गत गुण. मला फाटकावर बसवलं, हजेरीपट आणि पेन देऊन. पास असलेल्यालाच आत सोडायचं, आणि आत गेलेल्याला कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर सोडायचं नाही. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली शिपायाकडं. आपण सामन्याला आलोय की आपल्याला धरून आणलंय, असा चेहरा करून पोरं सह्या करत होती. धुणं वाळत घालणाऱ्या बायका आल्या, पास नव्हता, परत गेल्या. हुसेनभाईंना मी म्हणाले, थांबा, बघते. ते थांबले नाहीत.

मग मीनाचे वडील आले. वेळ अकराची झाली हे सरांनी निरोप पाठवून सांगितलं होतं. तिला वगळल्याचं सांगायचं धाडस त्यांना झालं नसावं. वडील पहाटेची गाडी धरून आले होते. स्वच्छ धोतर, शेंगांची पिशवी. मला बघून त्यांना बरं वाटलं.

मी म्हणाले, "पास आहे का?"

ते म्हणाले, "मॅडम, मी मीनाचा बाप."

मला माहीत होतं की तो मीनाचा बाप आहे. त्यांच्या हातच्या शेंगा मी दोन वर्षं खाल्ल्या होत्या. यादी सकाळीच लागली होती आणि मी ती वाचली होती. प्राचार्य दहा पावलांवर उभे होते. मी म्हणाले, "पास नसेल तर सोडता येत नाही." त्यांनी मान हलवली, जसं काही चूक त्यांचीच आहे, आणि भिंतीबाहेरच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. पिशवी त्यांनी उघडली नाही.

पाहुणे एकला आले. तोवर उन्हानं माती फुटाणे भाजावेत अशी तापली होती. भाषणं पाऊण तास. मुली रांगेत उभ्या. नावं कुणी घेतली नाहीत. पाहुण्यांनी "या भगिनी" म्हटलं आणि नारळ फोडला.

सामना सुरू झाला आणि मी जन्मात विसरणार नाही असं झालं. समोरचा संघ जालन्याकडचा होता. त्यांचा पोशाख मरून. मांडवात कोंबलेल्या त्या हजारभर पोरांतली बहुतेक कधी मैदानाच्या कडेला आलीच नव्हती, आपल्या संघातली एकही मुलगी त्यांना तोंडओळखीनं माहीत नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आपला रंग मरून. ती मरून संघासाठी ओरडायला लागली. मरून मुलगी निसटली की शिट्ट्या, पिवळी बाद झाली की आरोळी. भोंग्यावरचा निवेदक "सात नंबर, सात नंबर" करत होता, कुणाचा सात ते सांगत नव्हता. आमची रेश्मा दोघींना चकवून निघाली आणि तिसरीच्या हाताला लागली. सगळा मांडव आनंदानं उठला. रेश्मा तिथंच थांबली आणि मांडवाकडं बघायला लागली. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी फाटकाच्या गजांतून तिचं तोंड बघितलं. सर खांबामागं उकिडवे बसले होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी माती धरून ठेवली होती.

आम्ही जिंकलो. त्या दोन बाहेरच्या मुलींनी जिंकून दिलं. चषक दादासाहेबांनी उचलला. फाटक उघडलं तशी पोरं बांध फुटल्यासारखी बाहेर गेली, आणि जाताना एकानं माझ्या समोर दुसऱ्याला विचारलं की आपण जिंकलो की हरलो.

संध्याकाळी सर फळ्याजवळ गेले. मला वाटलं त्या दिवशी काही लिहिणार नाहीत. त्यांनी लिहिलं:

मीना, कन्नड. आज बाहेर बसवली. चूक तिची नाय. सही माजी हाय. दाभाडे.

दुसऱ्या दिवशी फळाच नव्हता. खिळेही उपटले होते.

त्यानंतरचा सामना तीन आठवड्यांनी होता, अडीचलाच. मी खुर्ची फिरवून बसले. कडेला कुणी नव्हतं. खिडकीखाली कुणी नव्हतं. मी कँटीनमध्ये गेले आणि हुसेनभाईंना म्हणाले, मॅच आहे. ते पेले विसळत म्हणाले, "अपनी मीना को बाहर बिठाए. अब किसके वास्ते आना, मॅडम?" मग हातातला पेला उपडा ठेवून म्हणाले, "और आप ही तो गेट पे थे."

मैदान दुसऱ्या वर्षी प्रदर्शनाला दिलंच. आधी फर्निचर, मग मसाले, मग आकाशपाळणे. दरवेळी खांब पुरायला खड्डे खणले आणि तसेच सोडले. सर खडे वेचत राहिले. एका माणसाच्या खिशात मावतील एवढेच ते आता राहिले नव्हते. मीनानं शिक्षण सोडलं नाही, पण खेळ सोडला. सरांनी तिच्या घरी जाऊन हात जोडले असं मला नंतर कळलं. त्यांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घ्यायला ते आलेच नाहीत. प्राचार्यांनी माईकवर त्यांच्या "क्रीडाप्रेमा"चं कौतुक केलं आणि त्यांचं नाव निवृत्तीऐवजी नामदेव घेतलं. मी समोर बसले होते. मी उठून दुरुस्त केलं नाही.

हे सगळं त्या तज्ज्ञांना सांगायला हवं होतं. माणसं येत नव्हती असं नाही. ती आली होती. आपापल्या पायांनी, आपापल्या शेंगा घेऊन आली होती. आपण त्यांना फाटकावर पास मागितला. त्यांना आवडलेली पोरगी काढून टाकली, रंग बदलला, वेळ बदलली आणि ज्यांना यायचं नव्हतं त्यांना कुलूप लावून आत बसवलं. आता मोर आणा. बिबट्या आणा. दोन्ही आणा.

पण ज्यामुळं मी हे लिहायला बसले ते अजून सांगायचं राहिलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी पैठणहून निघाले आणि पावणेदहाला बसस्थानकात उतरले. बैठक अकराला होती. रिक्षाकडं निघाले तर कन्नडच्या फलाटावर सर. पाच वर्षांत पहिल्यांदा दिसले. केस पार पांढरे. पायात मात्र चपला. शर्टाचा खिसा तसाच पांढरा. गाडीत रेटारेटी करून चढले, खिडकीची जागा धरली, आणि तेव्हा त्यांनी मला पाहिलं.

मी खिडकीखाली गेले. बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, आपल्या टीममधल्या तिघींची नावं सांगा."

मी हसले. ते हसले नाहीत. वाट बघत राहिले. मला एकही नाव आलं नाही.

"साक्षी," ते म्हणाले. "सोयगावची. नाझनीन, तुमच्या पैठनची. परतीक्षा, कन्नडची. आज कन्नडला मॅच हाय त्यांची, बाराला. तिथल्या कॉलेजच्या मैदानावर. आपल्या पोरींना बघायला आपलं कोन जानार हाय?"

मी विचारलं, "तुम्ही प्रत्येक मॅचला जाता?"

"जातो की. नावानं हाक मारतो. पोरींना वाटतं कुनाचातरी आजा असंल." मग म्हणाले, "मीना बी येती कधीमधी. तिचं पोरगं घेऊन. माझ्यापासून लांब बसती. पर येती."

त्यांच्या शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी होती. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या जागेवर हात ठेवला. एक बाई चढून तिथं बसायला लागली तर तिला म्हणाले, "थांबा माय, मानूस हाय हितं." आणि माझ्याकडं बघत राहिले.

मी म्हणाले, "सर, मला आज बैठक आहे. कॉलेजात."

"कशाची?"

मी सांगितलं कशाची.

  कंडक्टरनं घंटी मारली. गाडी फलाटावरून मागं सरकली, वळली आणि निघाली. वळताना मला खिडकी परत दिसली. ती बाई अजून उभीच होती आणि सरांचा हात त्या जागेवर तसाच होता.

मी रिक्षा केली. कॉलेज येईपर्यंत ती तीन नावं मनात घोकत होते, विसरू नयेत म्हणून.